आधी कुणाचं शटर

केसरबाईनं त्या सिमकार्डवाल्या पोरांना आपल्या ओट्यावर छत्री उघडू दिली, ती काही दयेनं नव्हे. केसरबाईला दया येते असं म्हणणारा माणूस आष्टीच्या पेठेत तरी कुणाला माहीत नव्हता.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. कंपनीचे टी-शर्ट घातलेली दोन पोरं, एकाच्या डोक्यावर घडीचं टेबल आणि दुसऱ्याच्या काखेत भली मोठी छत्री, सकाळपासून पेठेत जागा हुडकत हिंडत होती. हॉटेलवाल्यानं त्यांना हाकललं, खतवाल्यानं हाकललं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती केसरबाईच्या दुकानापुढं येऊन उभी राहिली.

"मावशी, फुकट सिम हाय," त्यातला थोरला म्हणाला. "आधार कार्ड दावायचं, अंगठा लावायचा, झालं. दिवसभर गाणी बगा, पिच्चर बगा, काय बी बगा."

"पिच्चर?"

"कोनता बी. फोनवर बोट लावलं की सुरू."

केसरबाईनं हातातलं फडकं गल्ल्यावर ठेवलं. "मंग ह्या शेजारच्या दुकानात फोनच्या कारडात पिच्चर भरून देतेत, त्याचं काय व्हईल?"

पोरगा हसला. "त्याला कोन इचारतंय मावशी? सहा महिन्यात कुलूप."

"आन हे?" तिनं अंगठा मागं, स्वतःच्याच मांडणीकडं केला.

पोरानं वर पाटी वाचली. 'आदिनाथ व्हिडिओ. सीडी, डीव्हीडी व टीव्ही सेट भाड्याने मिळतील.' त्याचं हसू विरलं. तो टेबलाची मूठ चाचपू लागला.

"खरं बोल रे. मी काय तुला खाते का?"

"हे तर मावशी... हे तर आधीच जाईल."

केसरबाईनं शेजारच्या दाराकडं मान वळवली. शेजारच्या गाळ्यातून स्पीकरवर कसलंसं गाणं ठणठणत होतं. मग ती उठली, तिनं ओट्यावरची आपली खुर्ची मागं ओढली आणि म्हणाली, "बसा. छत्री तेवढी त्या अंगाला सरकवा. त्याच्या दाराम्होरं."

शेजारचा गाळा तिच्या सख्ख्या दिराचा होता.

दोन्ही गाळे सासऱ्यानं बांधलेले. मधे एक भिंत, पुढं दोन्ही मिळून एक लांबलचक ओटा. केसरबाईच्या नवऱ्यानं, आदिनाथनं, पहिल्या गाळ्यात व्हिडिओचं दुकान टाकलं तेव्हा रंगीत टीव्ही पाहायला लोक तालुक्याच्या गावाला येत. नगरहून एसटीच्या टपावर गोधड्यांत गुंडाळून त्यानं पहिला सेट आणला होता. लग्नं, बारशी, जागरणं, सगळीकडं आदिनाथचा सेट जायचा. आणि दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या. टोळी कारखान्यावर निघाली की ट्रॅक्टरात बायकापोरं, कोंबड्या, भांडी आणि वर आदिनाथचा टीव्ही, प्लेअर आणि बॅटरी. पाच महिने तो सेट उसाच्या फडाकडेला, कोप्यांच्या, पाचटाच्या झोपड्यांच्या मधे बसायचा. मुकादमांना ते बरंच होतं. माणसं संध्याकाळी टीव्हीपुढं बसली की गुत्त्यावर जात नाहीत.

असाच एका लग्नाचा सेट घेऊन येताना कडा गावाच्या रस्त्यावर जीप उलटली आणि आदिनाथ गेला. सेट शाबूत होता. केसरबाई तेव्हा चाळिशीची, पोरगी मनिषा शाळेत. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी ती गल्ल्यावर येऊन बसली. विधवा बाई पिच्चरच्या दुकानात बसते म्हणून पेठ कुजबुजली. जो कुजबुजताना सापडला त्याला तिनं भर बाजारात असं काही ऐकवलं की पुढं दहा वर्षं कुणी तोंड उघडलं नाही.

तिचा दीर सुंदरराव तिच्याहून आठ वर्षांनी लहान. तारा जोडणं, सेट वाहणं, बिघडलेला प्लेअर उघडून बसणं हे सगळं तो करायचा. केसरबाईला यंत्रातलं काही कळत नव्हतं, तिला माणसं कळायची. कोणाला सेट द्यायचा, कोणाला नाही, कोण परत आणताना रिमोट दाबून ठेवील, हे तिला दारात उभा राहिलेला माणूस बघून समजायचं. दोघांचं मिळून दुकान चाललं. कॅसेटी गेल्या, सीडी आली. सुंदररावच म्हणाला होता, "वैनी, कॅसेटी काढून टाका," आणि तिनं ते एकदा ऐकलं होतं. पुढं तो म्हणू लागला, कंप्युटर घेऊ. ते मात्र तिनं ऐकलं नाही.

मनिषाचं लग्न अंबाजोगाईला झालं होतं. तिच्या पहिल्या बाळंतपणाला केसरबाई सव्वा महिना तिकडं गेली. जाताना सीड्यांच्या कपाटाची चावी तिनं कमरेची काढून दिराच्या हातात दिली.

परत आली त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला सीडी देताना तिनं वेष्टन उघडलं. आत भलतीच सीडी. दुसरं उघडलं. त्यातही भलतीच. तिनं सगळं कपाट खाली ओतलं. साऱ्या सीड्या एकदा बाहेर काढून, घाईघाईत परत कोंबल्या होत्या. ती तशीच ओट्यावर आली. शेजारच्या गाळ्यात इतकी वर्षं एक पेंडवाला भाड्यानं होता. त्याच्या गोण्या गेल्या होत्या. आत निळ्या उजेडात कंप्युटर, त्यापुढं सुंदरराव, आणि वर ओल्या रंगाची पाटी: 'मेमरी कार्ड भरून मिळेल'.

"भावजी, हे काय?"

"सीड्यांचा जमाना गेला वैनी," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "तुमाला सांगून दमलो. सगळे पिच्चर ह्यात घेतलेत. नखाएवढ्या कारडात धा पिच्चर बसतेत."

"कोनाच्या सीड्या व्हत्या त्या?"

"दुकानाच्या व्हत्या."

"दुकान कोनाचं हाय?"

सुंदररावानं कंप्युटरचं बटण दाबलं. केसरबाईनं त्या दिवसापासून त्याला भावजी म्हणणं सोडलं. तुमी म्हणणंही सोडलं. पेठेनं कान टवकारले, कारण दिराला 'सुंदऱ्या' म्हणणारी भावजय त्यांनी पाहिली नव्हती.

पुढची सहा वर्षं त्या ओट्यावर उभा दावा चालला. सकाळी झाडलोट करताना ती केर त्याच्या दारापुढं सारायची, दुपारी सुंदरराव तो परत तिच्याकडं सारायचा. त्यानं स्पीकर मधल्या भिंतीला टेकवून लावला तेव्हा तिनं भिंतीशी शेगडी मांडून सुक्या मिरच्यांची धुरी दिली. स्पीकर हलला, पण पेठभर लोक खोकले. त्याच्याकडं चाललेल्या पोरांना ती ओट्यावरूनच सांगायची, "जा, जा. त्यानं भरल्यालं कार्ड घातलं की फोनात कीड पडती. खतवाल्याच्या मेव्हन्याचा फोन फुगून फुटला." खतवाल्याला मेव्हणाच नव्हता.

तरी पोरं त्याच्याकडंच जायची. गावातलं गिऱ्हाईक त्यानं नेलं ते नेलंच. केसरबाईकडं राहिली ती लग्नं आणि टोळ्या. फडावर वीज नाही, फोन चार्ज करायला कारखान्यापर्यंत पायपीट. तिथं मोठी बॅटरी आणि मोठा टीव्हीच लागायचा. टोळ्यांच्या जिवावर ती टिकून होती, आणि तो दर दिवाळीला तिच्या दारातून सेट भरून जाणारे ट्रॅक्टर बघत दात खात होता.

आणि आता ही छत्री.

पहिल्या दिवशी दहा-वीस माणसं आली. दुसरा दिवस आठवडी बाजाराचा. दुपारपर्यंत रांग हॉटेलाच्या पुढं गेली. म्हातारे, कॉलेजची पोरं, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, सगळ्यांच्या हातात आधार कार्ड. पोरं अंगठे लावून घेत होती आणि सिम वाटत होती. फोन नसलेल्यांना हप्त्यावर फोन कुठं मिळतो तेही सांगत होती. केसरबाईनं त्यांना पाण्याची घागर भरून दिली, दुपारचा चहा दिला. पेठेत कुणाला फुकट पाणी न देणारी केसरबाई चहा वाटते म्हणून हॉटेलवाला स्वतः बघायला आला.

तिसऱ्या दिवशी सुंदरराव गाळ्यातून बाहेर आला. रांगेनं त्याचं दार पुरतं अडवलं होतं.

"वैनी, ओटा सामाईक हाय. माला न इचारता तुमी ह्यांला बसवलं कसं?"

"टेबल माझ्या अर्ध्यात हाय," केसरबाई खुर्चीतून न उठता म्हणाली. "छत्रीची सावली तेवढी तुझ्याकडं पडती. ती घे कापून."

रांगेतले दोघं-तिघं हसले. सुंदररावानं ते गिळलं. तो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "माझं ऐका. हे पोट्टे इथं बसले तर माझं कारडाचं बंद व्हनार हाय. कबूल. पन तुमचं काय? टोळीतला गडी न् गडी तुमच्या ओट्यावरनं सिम घेऊन चाललाय. दिवाळीला सेट कोन नेईल?"

"न्हाई तर न्हाई."

"आपलं नाक कापून माला अपशकुन करता व्हय?"

"नाक तर तू मागंच कापलं रे," ती म्हणाली. "आता अपशकुन तेवढा ऱ्हायलाय."

सुंदररावाचा चेहरा काळवंडला. त्यानं टेबलाला हात घातला. टेबल कलंडलं, सिमची पाकिटं रस्त्यावर उडाली, आणि तो वाकून छत्री उपटू लागला. पण लोकांना फुकटचं सिम हवं होतं. रांगेतल्या चार गड्यांनी त्याला दंडाला धरून त्याच्याच गाळ्यात नेऊन बसवलं. "का बे, तुझ्या बापाचं जातंय का?" एकानं विचारलं. ज्याचं खरंच जात होतं तो खाली मान घालून बसला. केसरबाईनं पाकिटं वेचायला पोरांना मदत केली.

छत्री महिनाभर होती.

दिवाळीच्या पाडव्याला विजयसिंह मुकादमाची जीप ओट्यापुढं थांबली. त्याच्या हाताखाली सहा टोळ्या जायच्या आणि दर टोळीला एक, असे सहा सेट तो दरसाल न्यायचा. केसरबाईनं सेट पुसून, बॅटऱ्या भरून, तारा गुंडाळून तयार ठेवले होते. त्या पोरानं सांगितलं होतं, दिरानंही सांगितलं होतं, तिनं स्वतःच्या तोंडानं न्हाई तर न्हाई म्हटलं होतं. तरी दिवाळीच्या आधी आठ दिवस ती सेट पुसत बसली होती. फडावर अंधारात फोनच्या त्या टिचभर काचेत काय दिसणार, असं तिचं मन म्हणत होतं. पोरं बघतील फोनात. म्हाताऱ्यांना टीव्हीच लागेल.

विजयसिंह जीपमधून उतरला नाही. "काकू, औंदा सेट नको."

"एक बी न्हाई?"

"कोन बघनार? सगळ्यांकडं तुमच्याच ओट्यावरचे सिम हायेत. कारखान्यावर रेंज लई बेस, फोन ट्रॅक्टरवरच चार्ज व्हतो."

"म्हाताऱ्या मानसांचं काय?"

"म्हाताऱ्या बी मांडीवर घेऊन बगतेत काकू. ज्याचा त्याचा फोन. भांडन न्हाई, कोनता लावायचा म्हनून."

जीप गेली. केसरबाई सहा टीव्हींच्या पुढं उभी राहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. सुंदररावानं सगळं ऐकलं होतं. हसता हसता तो ओट्यावर आला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"वैनी, आता आसं करू," तो म्हणाला. "दोघं मिळून ह्या ओट्यावर शेंगदानं इकू."

"तुझ्यासंगं मी मसनात बी शेजारची जागा घेनार न्हाई," ती म्हणाली, आणि आत जाऊन एकेक टीव्ही भिंतीकडं तोंड करून ठेवू लागली.

त्यानंतर धंदा कुणाचाच राहिला नव्हता. राहिलं होतं एवढंच, की आधी शटर कोण पाडतो.

केसरबाई रोज सकाळी आठला दुकान उघडायची. उदबत्ती लावायची, कुणी नेत नव्हतं त्या सीड्यांवरची धूळ झटकायची आणि खुर्ची ओट्यावर टाकून बसायची. सुंदरराव साडेआठला यायचा. त्यानं फोनची कव्हरं लावली, काचा लावल्या, रिचार्ज ठेवला. मग लोक घरबसल्या रिचार्ज मारू लागले. स्पीकर गप्प झाला. ती तिकडं मान न वळवता मोजायची, आज त्याच्याकडं किती आले. तीन. दोन. एक, तोही पत्ता विचारायला. तिच्याकडं कुणीच नाही. घरातली ज्वारी संपत आली तेव्हा तिनं हातातल्या पाटल्यांपैकी एक मोडली, मनिषाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आठला शटर वर केलं. अंगात ताप असला तरी केलं. संध्याकाळी तो कुलूप लावल्याशिवाय ती उठायची नाही, आणि ती उठल्याशिवाय त्याला जाववायचं नाही. हॉटेलवाला म्हणायचा, ह्यांच्यापायी मला बी दुकान उशिरापातुर ठेवावं लागतंय, कोन हारतंय बगायला.

पुढच्या पाडव्याच्या आधी चार दिवस एक टेम्पो आला. सुंदररावानं कंप्युटर, स्पीकर, काचेचं काउंटर त्यात चढवलं. रांजणगावात एका कंपनीच्या गेटवर त्याला राखणदाराची नोकरी लागली होती. शटर पाडताना ते मधेच अडकलं. त्यानं दोनदा लाथ घातली तेव्हा ते खाली आलं. त्यानं केसरबाईकडं बघितलं नाही. टेम्पो नगरच्या रस्त्याला लागला.

केसरबाई उठली आणि थेट मिठाईवाल्याकडं गेली.

"दोन किलो पेढे दे."

"काय, नात का नातू?" त्यानं तागडीत पेढे टाकत विचारलं.

"शेजारचं दुकान बंद झालं."

तिनं पेठभर पेढे वाटले. खतवाल्यानं हात मागं घेतला, म्हणाला, "काकू, माला साखर हाय." हॉटेलवाल्यानं घेतला, पण तोंडात न टाकता हातातच धरून राहिला. कुणी हसलं नाही. मिरचीची धुरी, फुटका फोन, कलंडलेलं टेबल, एवढं सगळं मजेत बघणारी पेठ त्या दिवशी तिच्या डब्याकडं बघत होती आणि तिच्या तोंडाकडं बघत नव्हती. तिला त्याचाही राग आला.

परत येते तो सुंदररावाची बायको छबुबाई ओट्यावर उभी होती. नवरा घाईत एकच कुलूप लावून गेला होता, ती दुसरं लावायला आली होती. केसरबाईनं डबा तिच्यापुढं धरला.

"घे. तोंड गोड कर."

छबुबाईनं डब्याकडं बघितलं. मग तिनं एक पेढा उचलला, तोंडात घातला आणि केसरबाईच्या डोळ्यांत बघत उभ्या उभ्या सबंध खाल्ला. पदरानं तोंड पुसलं.

"गोड हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर केसरबाईला झोप लागली असती. शिव्यांना तिच्याकडं उत्तरं होती.

तिचं स्वतःचं शटर आषाढात पडलं. मधली भिंत गप्प होती. ओट्यावर बसून कुणाकडं न बघायचं हेच तिला कळेना. एका सकाळी ती उठली आणि दुकानात गेलीच नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. कुणी विचारलं नाही. तिला वाटलं होतं, निदान हॉटेलवाला तरी विचारील.

मनिषा अंबाजोगाईहून येऊन तिला घेऊन गेली. मनिषा तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. दिवसभर ती कामावर, जावई फोनमध्ये, नातू फोनमध्ये. नातू गोळीबाराचा कसला तरी खेळ खेळायचा आणि खेळातल्या कुणाला तरी आईबापावरून शिव्या घालायचा. केसरबाईनं चाळीस दिवस काढले. एकेचाळिसाव्या दिवशी तिनं नातवाचा फोन पाण्याच्या बादलीत टाकला आणि त्यावरून झालेल्या भांडणानंतर ती आष्टीची एसटी पकडून परत आली. फोन दुसऱ्या दिवशी वाळून परत सुरू झाला, असं मनिषानं नंतर सांगितलं.

मागच्या वर्षी नगरच्या एका शोरूमवाल्यानं निरोप धाडला. त्याला दोन्ही गाळे हवे होते, मधली भिंत पाडून मोठं दुकान करायचं होतं. फोन, टीव्ही, फ्रीज, सगळं. सासऱ्याच्या माघारी कागदावर दोघांची नावं लागली होती, केसरबाई आणि सुंदरराव, त्यामुळं सह्या दोघांच्या लागणार होत्या. केसरबाईनं आधी नको म्हटलं. मनिषानं फोनवर रडून, मग येऊन, मग अबोला धरून तिला तयार केलं.

नोंदणीच्या कचेरीत बाहेरच्या बाकावर सुंदरराव बसला होता. केस पार पांढरे झाले होते. पायात कंपनीचे काळे बूट. त्या बाकाशिवाय दुसरी जागा नव्हती. मनिषा मधे बसली, पण वकिलानं तिला आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला पाठवलं, आणि सात-आठ वर्षांनी ती दोघं एका बाकावर शेजारी उरली.

पंखा किरकिरत होता. सुंदरराव समोर बघत बोलला.

"धा वर्षं मी तुमचे सेट वाहिले. पाठीवर."

"पगार घेतलास."

"चावी कदी दिली माला? बाळातपनाला गेल्ता तवा पयल्यांदा माझ्या हातात चावी आली. धा वर्षात पयल्यांदा."

"आन पयल्यांदाच चोरी केली."

"मी एकदा म्हनलो व्हतो तुमाला," तो म्हणाला, "पाटीवर माझं बी नाव टाका. आदिनाथ-सुंदर व्हिडिओ. रंगारी पाटी रंगवायला आल्ता तवा. आठवतं का?"

केसरबाईला आठवत नव्हतं. मग आठवलं. रंगारी शिडीवर होता, त्याच्या डब्यात पिवळा रंग होता. सुंदरराव दारात उभा होता, हातावर प्लेअर घेऊन. आणि ती हसली होती. हसून ती रंगाऱ्याला म्हणाली होती, 'गड्याचं नाव कुटं पाटीवर आसतंय व्हय?' रंगारीही हसला होता. सुंदररावानं प्लेअर आत नेऊन ठेवला होता आणि संध्याकाळी नेहमीसारखा लग्नाचा सेट घेऊन गेला होता. तिनं तो दिवस कधीच आठवला नव्हता.

"मंग तवाच भांडायचं," ती म्हणाली. "चोरी कावून केली?"

"भांडलो आसतो तर तुमी काढून टाकलं आसतं माला."

टाकलं असतं. हेही खरं होतं. केसरबाईनं पदर सारखा केला.

आतून नावं पुकारली. साहेबाच्या टेबलावर कागद मांडले होते. शोरूमवाला हात जोडून उभा. सुंदररावानं आधी सही केली, बाजूला सरला. मनिषानं पेन उघडून आईच्या हातात दिलं, जागा दाखवली. केसरबाईनं पेन कागदाला टेकवलं. बाकावर तो जे बोलला ते सारं खोटं असतं तर तिनं तिथंच, चार लोकांत, त्याला खोटं पाडून सही ठोकली असती आणि सुटली असती. पण ते खरं होतं. आणि खरं बोलून, सही करून, तो आता मोकळा होऊन रांजणगावला जाणार होता.

तिनं पेन खाली ठेवलं.

"आज न्हाई."

"आई!" मनिषा ओरडली.

"आज न्हाई म्हनलं ना."

"कदी मंग?" सुंदररावाचा आवाज चढला. "मी मेल्यावर? वैनी, माला साठी यायला आली. रातपाळ्या व्हत न्हाईत माझ्याच्यानं. ह्या पैशाचा आधार व्हता!"

साहेबांनी घंटी वाजवली, शिपायानं सगळ्यांना बाहेर काढलं. कचेरीच्या पायऱ्यांवर सुंदरराव तिला काय काय बोलला. इतक्या वर्षांत न बोललेलं सगळं बोलला. केसरबाई पायऱ्या उतरत राहिली. चपलेचा अंगठा तुटला तर ती चप्पल हातात घेऊन अनवाणी घराकडं गेली. मनिषा तशीच अंबाजोगाईला निघून गेली, घरी आली नाही.

पंधरा दिवसांनी शोरूमवाल्याची माणसं फीत घेऊन गाळे मोजायला आली, म्हातारीचं मन वळेल या आशेनं. केसरबाईनं त्यांना खराटा घेऊन ओट्यावरून खाली उतरवलं. शोरूमवाल्यानं दुसरी जागा घेतली, बसस्टँडजवळ.

नंतर एकदा छबुबाई आली. दारातच बसली, आत आली नाही. केसरबाईनं चहा ठेवला.

"आक्का, दुसरं गिऱ्हाईक आलंय," छबुबाई म्हणाली. "एवडी सही करा. आमचं म्हातारपन निघंल. तुमचं बी निघंल."

"त्याला यिऊ दे. त्यानं सोताच्या तोंडानं म्हनावं."

"ते येनार न्हाईत. ते म्हनतेत, वैनीनं बोलावावं."

"मी कावून बोलावू?"

छबुबाई तिच्याकडं बघत राहिली. त्या दिवशी पेढा खाताना बघितलं होतं तसंच. चहा उकळून पातेल्याच्या काठावर आला, कुणीच उठलं नाही. शेवटी छबुबाईनं गुडघ्यावर हात टेकला, उठली, पायात चपला सरकवल्या.

"त्यांची छाती दुखती आताशा," ती जाता जाता म्हणाली. "सांगून ठिवते. नंतर म्हनू नका सांगितलं न्हाई."

केसरबाईनं गॅस बंद केला. छबुबाई गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. केसरबाई दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली आणि मग तिनं दोन्ही कपांचा चहा एकटीनं प्यायला, गार झाला तरी.